वाखरीपासून पुढे

यांची १९ वर्षांची वारी. आळंदीपासून पायी, दिंडीची पताका यांच्या खांद्यावर. मी कधी गेले नव्हते. घर, म्हशी, सासूबाई. यंदा पहिल्यांदा गेले, तेही पंढरपूरजवळच्या वाखरीपासून.

माघात यांची बायपास झाली. छातीचं हाड कापून तारेनं बांधलेलं, डाव्या पायातली शीर काढलेली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, उठताना हातावर भार द्यायचा नाही, तीन चेंडूंच्या त्या यंत्रातून श्वास ओढायचा. पहिले काही दिवस एकच चेंडू हलायचा. दिवे घाट चढणारा माणूस संडासापर्यंत जाऊन घामाघूम व्हायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मला ते बघवायचं नाही.

डॉक्टरांनी पाच-पाच मिनिटं चालायला सांगितलं, पण घड्याळ बघून पाऊल टाकणं यांना नको वाटे. मग मी म्हटलं, "अहो, घड्याळ राहू दे. मी हरिपाठ म्हणते, तुम्ही चाला." पहिल्या आठवड्यात ओसरीवर दोन अभंग झाले. होळीपर्यंत नऊ. मधेच पाय सुजला, जखमेतून पाणी आलं, पुन्हा दोनवर आलो. त्या दिवशी माझाच आवाज फुटेना, तेव्हा तिसरा अभंग यांनी धरला. चैत्रात मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईतो सगळे २७ झाले.

शीर विठ्ठलानं जोडली असं मी म्हणत नाही, ती डॉक्टरांनी जोडली. पण रात्री तीनला, यांचा श्वास चालू आहे ना हे बघत बसायची, तेव्हा सोबतीला तोच होता.

सपाट रस्ता, थांबत थांबत, घाट नाही, एवढ्या बोलीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. म्हणून दशमीला वाखरी. तिथून पंढरपूर सहा-सात किलोमीटर. पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं नाही, कळसाचं दर्शन घ्यायचं, हे आधीच ठरलेलं. गोळ्यांची डबी माझ्या पिशवीत. सगळ्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. गर्दीत कुणाचं कोपर छातीला लागेल या धास्तीनं मी यांच्या पुढं, पुतण्या मागं.

वाटेत लिंबाखाली टेकलो होतो, तोच आमची दिंडी आली. पताका आता एका कोवळ्या पोराच्या खांद्यावर. विणेकरी थांबले, "माउली!" म्हणत यांच्या पायाशी वाकले. मी "वाकू नका" म्हणेपर्यंत हेही वाकले होते. माघापासून पहिल्यांदाच. सावकाश वाकले, त्यांच्या पायांना हात लावला आणि उठताना कुणाचाही हात धरला नाही.

दिंडीचा वेग यांना झेपला नाही. पताका गर्दीत दिसेनाशी झाली, टाळ लांब गेले.

"अगं, म्हण की," हे म्हणाले.

मी पहिल्या अभंगापासून सुरुवात केली.