वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: 2.7 किलोमीटरचा विमानप्रवास

आपल्या लोहगावची धावपट्टी साधारण अडीच किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमानाचं अख्खं अंतरच 2.7 किलोमीटर आहे! वेळापत्रकात वेळ दिलीय दोन मिनिटं. जगातली ही सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी 1967 पासून चालू आहे. बरेच दिवस मनात होतं, शेवटी आईला घेऊन जाऊन आलो.

पुणे-दिल्ली-लंडन-एडिंबरा आणि तिथून कर्कवॉल, हा भाग नेहमीचाच. खरी मजा कर्कवॉलला सुरू होते. तिथं लोगनएअरचं ब्रिटन-नॉर्मन आयलंडर उभं असतं. दोन पंख्यांचं, जेमतेम आठ प्रवाशांचं विमान, आणि पायलट एकटाच. त्याच्या शेजारची सीटही प्रवाशाला देतात. ती आईला मिळाली. पायलटने मान मागे वळवून पट्टे बांधायला सांगितले आणि आम्ही निघालो. चाळीसेक किलोमीटरवरचं वेस्ट्रे पंधरा मिनिटांत आलं. खाली दगडी बांधांची हिरवी शेतं आणि कडेला पांढरी वाळू.

वेस्ट्रेला दोघंजण उतरले आणि विमान पुन्हा धावलं.

आता हिशोब बघा. आयलंडर ताशी 240 किलोमीटरने उडतं असं धरलं, तर 2.7 किलोमीटरला चाळीस सेकंद पुरेत. मग दोन मिनिटं कशाला? कारण तो वेग गाठायला इथं जागाच नाही. धावायचं, उचलायचं, थोडं वर चढायचं आणि लगेच उतरायला घ्यायचं. त्यात विमानाला वाऱ्याला तोंड करून उतरावं लागतं, त्यामुळे वारा फिरला की वळसाही वाढतो. पुणे-दिल्लीला चढणं-उतरणं हा प्रवासाचा छोटा तुकडा असतो, इथं सगळा प्रवासच तेवढा. वारा जुळून आला तेव्हा स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटने हे अंतर 53 सेकंदांत कापलंय. म्हणून दोन बेटांमधलं नुसतं अंतर बघून वेळ ठरवू नये, वारा आणि धावपट्टीची दिशाही बघावी.

मी घड्याळाकडे बघेपर्यंत चाकं खडीवर टेकली.

"अरे, एवढ्यासाठी विमान? पूल बांधायचा की," आई उतरताच म्हणाली. पण पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्याही आत. शिक्षक, नर्स, डॉक्टर यांना ये-जा करायला हे विमान म्हणजे आपल्या खेड्यातली एसटीच. बोट आहे, तिला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आपण विक्रम म्हणून बघायला जातो, त्या लोकांसाठी ही रोजची गरज आहे. मला हेच सगळ्यात भावलं.

उतरलात तर लगेच परत फिरू नका. पश्चिम किनाऱ्यावर नॅप ऑफ हॉवरची दगडी घरं आहेत, सुमारे 5,500 वर्षांपूर्वीची, गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनी. ठेंगण्या दारातून वाकून आत शिरता येतं. आई तिथल्या दगडी कप्प्यांवरून हात फिरवत बराच वेळ रेंगाळली.

जाणार असाल तर तिकीट लवकर काढा, कारण जागा मोजक्याच असतात. आणि पुढच्या विमानाला एक दिवस हाताशी ठेवा, धुकं आलं की फेरी रद्द होऊ शकते.