ग्राइंडरने बिघडलेला कलमाचा चाकू घरच्या घरी दुरुस्त करताना

जून लागायच्या आत आमच्याकडे कोयते, विळे, कात्र्या सगळं धारेला जातं. यंदा त्याच गठ्ठ्यात माझा कलमाचा घडीचा चाकूही तालुक्याच्या बाजारात गेला. कोयत्यांना धार उत्तम लागून आली. चाकू मात्र त्याच ग्राइंडरवर, तसाच दाबून घासलेला. आंब्याच्या काडीवर चालवून पाहिला तर कापायच्या ऐवजी साल फाडत होता. नवा घेता आला असता, पण पातं चांगल्या कार्बन पोलादाचं आहे आणि मूठ हाताला बसलेली आहे, म्हणून दुरुस्तच करायचा ठरवला.

दगडाला हात लावण्याआधी पातं उन्हात धरून नीट पाहिलं. मुठीजवळ चाक जास्त टेकल्यामुळे धारेत खोलगट पडली होती. टोकाचा जरासा भाग निळा पडला होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पात्याच्या सपाट बाजूलाही उतार काढलेला होता.

कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू साफ सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकून सरकते म्हणून काप सरळ येतो. कोय कलमात, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपावरच्या कलमात, काडीला 4-5 सेंमीची पाचर करून ती रोपाच्या चिरेत बसवतो. दोन्हीकडची अंतर्साल एकमेकींना चिकटली तरच कलम जुळतं. दोन्ही बाजूंनी उतार असलेला चाकू लाकडात शिरताना बाहेर ढकलला जातो, काप पन्हाळीसारखा होतो आणि मध्ये पोकळी राहते. वरून पट्टी कितीही घट्ट बांधली तरी ती पोकळी भरत नाही.

निळ्या रंगाचं कारण उष्णता. साध्या कार्बन पोलादाला 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तो रंग चढतो, म्हणजे तिथलं पाणी (तापवून-विझवून पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलेलं असतं. पॉलिश पेपरने घासून रंग जातो, कडकपणा परत येत नाही. मी बारीक कानस फिरवून खात्री केली: पात्याच्या मध्यावर कानस नुसती घसरली, टोकाला मात्र लागली. पात्याला पुन्हा पाणी देता येतं, पण त्यासाठी रिपिट काढून पातं सोडवावं लागतं, तापवताना ते वाकण्याचीही भीती असते. कलमाच्या कामात टोकाचा उपयोग फारसा नाही. म्हणून तेवढं टोक काढून टाकलं.

इथे एक गोष्ट फार जपावी लागते. नवं टोक काढताना धार वर पाठीकडे वळवली, तर चाकू मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावतं आणि खिशात हात घातला की लागतं. म्हणून पाठीची बाजू उतरती करून टोक धारेच्या रेषेवर आणलं. मधून मधून चाकू मिटून पाहत होतो.

मग कार्बोरंडमच्या दुहेरी दगडाची खरबरीत बाजू पाण्यात भिजवून घेतली, पातं त्यावर उभं धरलं आणि धारच दगडावर घासली. हे करताना जीव वर-खाली होतो, कारण उरलीसुरली धारही आपणच मारत असतो. पण धारेची रेषा सरळ करायला दुसरा मार्ग मला तरी पटत नाही. यात एक मोठा फायदाही झाला: धार मागे सरकली तसा सपाट बाजूवरचा चुकीचा उतारही बहुतेक त्यातच झिजून गेला. उरलेला काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून काढला, 220 नंबरच्या खरबरीत पेपरपासून 1000 नंबरच्या बारीक पेपरपर्यंत. सपाट बाजूवर मार्करची शाई फासली होती. धारेलगतची शाई सगळीकडे सारखी पुसली गेली तेव्हाच थांबलो.

आता उतार. पातं 18 मिमी रुंद आहे. पाठ 6 मिमी उचलली की साधारण 20 अंशांचा कोन होतो, म्हणून तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी मापाला जवळ ठेवली. एकाच बाजूने, हलक्या हाताने, पाणी घालत घासत राहिलो. धार दिव्याखाली धरली की बोथट जागी पांढरी रेघ चमकते. ती जाईपर्यंत खरबरीत बाजू सोडायची नाही. घाईने बारीक बाजूवर गेलं तर नुसतं चकचकीत बोथट पातं मिळतं. पलीकडच्या बाजूला अंगठ्याला बर, म्हणजे घासताना धारेवरून वळलेली पोलादाची बारीक किनार, लागू लागली की पातं बारीक दगडावर पूर्ण आडवं ठेवून ती काढायची. पाठ केसभरही उचलायची नाही, नाहीतर तोच चुकीचा उतार पुन्हा तयार होतो. शेवटी लाकडी फळीवर चिकटवलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवं पॉलिश लावून पातं धारेच्या उलट दिशेने ओढलं.

सांध्यात शिरलेला चिखल रॉकेलने धुतला आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला.

कागद कापून पाहण्यात मला रस नव्हता. आंब्याची हिरवी काडी एका ओढीत तिरकी कापली. काप ओला, चकचकीत, सालीची कड न विसकटलेली. त्याच कोनातला दुसरा काप त्याला जोडून उजेडाकडे धरला, मधून फट दिसली नाही. मग कलमांना सुरुवात केली. चिकाने कार्बनचं पातं लगेच डागाळतं, म्हणून काम झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवतो.

मुठीजवळ खोलगटीचा थोडा भाग अजून आहे. तिथे काडी टेकत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी अख्खं पातं झिजवलं नाही. पुढच्या हंगामांत धार लावताना ती हळूहळू निघेल. ग्राइंडरवर आता फक्त कोयते आणि विळे जातात.