उकिरड्यावर उगवलेलं जंगल
कुर्ल्याहून रिक्षा केली आणि "निसर्ग उद्यान" म्हटलं, तर रिक्षावाला नुसताच बघत राहिला. "धारावी डेपो," आई म्हणाली, तेव्हा मीटर पडलं. मुंबईत बागेचा पत्ता बसडेपोवरून सांगावा लागतो, त्याला कोण काय करणार!

आई १९७४ साली लग्न होऊन सायनला आली. वारा इकडून सुटला की चाळीतल्या खिडक्या फटाफट लागायच्या, हे तिने मला शंभरदा तरी सांगितलंय. आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे तिथे तेव्हा शहराचा कचरा पडायचा. १९७७ च्या सुमारास तो बंद झाला. मग त्यावर माती घालून झाडं लावायची असं ठरलं. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हातून पहिलं रोप लागलं आणि १९९४ साली हे ३७ एकरांचं रान लोकांसाठी उघडलं. इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर राहूनही आई इथे कधी आली नव्हती. "उकिरड्यावर काय फिरायला जायचं?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

गेटातून आत शिरल्यावर पन्नास पावलांतच लिंक रोडवरचे हॉर्न बारीक झाले. पहिला पाऊस होऊन गेलेला, वाटेवर जांभळांचा चिखल. आईने चप्पल जपत, पण नजर वरच ठेवून चालायला सुरुवात केली. आमच्या पुढे धारावीतली पाच-सहा पोरं होती. दहा बाय दहाच्या खोलीत घर, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. ती पोरं इथे हात पसरून पळत होती. या बागेबद्दल मोठमोठं लिहिलं जातं, पण मला विचाराल तर तिचं खरं काम हे एवढंच. पोरांना हात पसरता आले पाहिजेत.

नदी मात्र शोधावी लागते. झाडं संपतात तिथे तिवरांची रांग, त्यांची काळी श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, आणि पलीकडे मिठी. विहार आणि पवई तलाव भरून वाहिले की त्या पाण्यातून ही निघते आणि साधारण १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे वास होता. खोटं कशाला बोला. पलीकडच्या काठावर बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती चकाकत होत्या. "हिला मिठी कोण मारणार?" आई पुटपुटली. मग जरा गप्प झाली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि याच नदीने शहराला गळ्यापर्यंत मिठी मारली होती. त्या रात्री बाबा कुर्ल्यात एका अनोळखी घराच्या माळ्यावर बसून होते.

परतीच्या वाटेवर पावसाने एका झाडाच्या बुंध्याशी माती धुऊन नेली होती. मुळांच्या बेचक्यात काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं शिंपला. आईने वाकून, कमरेवर हात ठेवून ते उकरलं. कपाचा कान निघाला. चिनीमातीचा, काठावर पुसट निळी रेघ.

तिथे पालापाचोळा गोळा करणारे माळीकाका हसले. "पाऊस पडला की निघतं असं काहीबाही, मावशी. खाली सगळी मुंबई आहे."

आईने तो कान पदराने पुसला, उजेडात धरून बघितला. "आमच्याच घरचा असेल," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी त्या तीन वर्षांत किती कप फोडले, मोजदाद नाही. पाहुणे आले की शेजारून आणायला लागायचे."

मला वाटलं ती तो पर्समध्ये टाकेल. तिने तो होता तिथेच मुळांत ठेवला, वर मूठभर माती लोटली आणि माळीकाकांना विचारलं, "ही जांभळं उचललेली चालतात का हो?"