बोर्तेला घोडा नव्हता

उलानबातर, रविवार रात्र

एमेच्या (इथे आजीला एमे म्हणतात) घरून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि ती सांगायला गेलं तर एवढीशी आहे. एग्चने (एग्च म्हणजे ताई) स्वतःच्या नवऱ्याच्या कोपरांखाली हात धरले. बस, एवढंच.

त्सागान सारच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या, पहिल्या सकाळी सगळेच एकमेकांच्या कोपरांखाली हात धरतात. धाकट्याने तळवे वर करून मोठ्याचे हात खालून तोलायचे, मोठ्याने आपले हात त्यावर टेकायचे, गालाला गाल लावायचा, ‘आमार बैना ऊ’, खुशाल आहात ना, म्हणायचं. एमे उत्तरेच्या बाजूला बसली होती. पुढ्यात ऊल बोवचा (तळलेल्या लांबट पावांचा) सात थरांचा मनोरा, त्यावर आरूल (वाळवलेलं दही) आणि साखरेचे खडे, शेजारी शेपटीच्या चरबीसकट मेंढीची अख्खी पाठ. वयाप्रमाणे रांग लागली. निळा खादग (रेशमी वस्त्र) हातांवर घेऊन एकेक जण तिच्यापुढे गेला. तिचं झाल्यावर बाकीच्यांचं आपापसात सुरू झालं. माझ्या नवऱ्याने ते बघून हौसेने माझ्यापुढे हात केले. एग्चचा धाकटा मध्येच घुसला, त्याचा दंड ओढत ओरडायला लागला, ‘तुम्ही नाही! तुम्ही नाही!’ सगळे हसले. नवरा-बायको हे करत नाहीत. ती दोघं मिळून एकच माणूस, स्वतःच स्वतःला काय नमस्कार करायचा? नवराही हसला. मला म्हणाला, ‘बघ, आपल्याला सूट आहे.’ मी हसले की नाही, आता आठवत नाही.

आणि पोराचं ते ओरडणं अजून कानात होतं तेवढ्यात एग्च वळली. दीलच्या, तिच्या लांब झग्याच्या, बाह्यांचे दुमडलेले काठ तिने खाली सोडले, नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या कोपरांखाली हात धरले. तो तिच्याहून मोठा आहे, तेव्हा रीतीत काहीच चुकलं नाही. गालाला गाल. ‘आमार बैना ऊ.’ थोरल्या दिराला म्हणाली होती अगदी त्याच आवाजात.

कुणी काही बोललं नाही. थोरल्या जावेने बूझची (मांस भरलेल्या मोमोंची) परात उचलून आत नेली, भरलेलीच. पोरगा हसायचा थांबला. एमे खादगाची घडी घालत बसली होती, ती घालतच राहिली. आणि तो तसाच उभा, हात अजून तिच्या हातांवर, चेहरा पांढराफटक. दीर-जावांपासून शेजारच्या हाशातल्या (कुंपणातल्या) म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या देखत, आरडाओरडा नाही, रडणं नाही, कोरियातल्या आन्सानमधल्या त्या बाईचं नाव नाही, नुसता एक नमस्कार. नवऱ्याला जे करायचं नाही ते तिने केलं, आणि तो नवरा राहिला नाही.

मला तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. मला तिचा हेवा वाटला.

हे लिहायला जड जातंय. जिचं घर मोडलं तिचा हेवा कसा वाटतो एखादीला? त्या माणसासाठी तिने काय केलं नाही? २००९-१० च्या झुदमध्ये, म्हणजे जीवघेण्या हिवाळ्यात, मंगोलियात ८० लाखांहून जास्त जनावरं गारठून, उपासमारीने मेली, त्यात दुंदगोवीतला यांचा कळपही संपला. मग सगळी इथे आली. वाट्याला आलेल्या ७०० चौरस मीटरवर कुंपण घातलं, गेर (गोल तंबू) उभारला, आणि उण्या तीसमध्ये विहिरीचं पाणी ओढत तिने दोन पोरं वाढवली, सासूला सांभाळलं. तो कोरियाला गेला तेव्हा दोन वर्षांचं ठरलं होतं. इथून इंचॉन विमानाने जेमतेम तीन-साडेतीन तास. एवढ्या जवळून माणूस इतका लांब जातो. पैसे यायचे, मग उशिरा यायला लागले, मग फोन. पुढचं काय लिहायचं. अशी घरं या टेकड्यांवर किती आहेत ते इथे राहिलं की कळतं. ज्या बाईला हे सगळं सोसावं लागलं तिचा मला हेवा वाटतो, कारण तिला ते एकदा, उभ्या-उभ्या, दोन हातांनी सांगता आलं.

मला पाडवा आठवतो.

धनत्रयोदशीला मला कळलं होतं. कसं कळलं ते इथेही लिहिणार नाही. पाडव्याला सासूबाई सोफ्यावर बसलेल्या, नणंदेचा व्हिडिओ कॉल चालू, पाटाभोवती रांगोळी. मी निरांजन लावलं, सुपारी आणि अंगठी ओवाळली, कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. त्याने ताटात पैंजणांची डबी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, ‘उघडून बघ ना.’ मी उघडून बघितली. छान आहेत म्हटलं. छानच होती. माझे हात थरथरले नाहीत, आणि त्याचंच मला अजून वाटत राहतं. सगळं माहीत असून हात एवढे शांत कसे राहिले? ओवाळायचं नाही तर काय करायचं होतं? ताट खाली ठेवून आत जायचं? मग दार वाजणार, काय झालं म्हणून विचारणार, नणंद पलीकडून बघणार. आपल्याकडे करायचं किंवा करायचं नाही, एवढंच असतं. आणि केलं नाही तर का केलं नाही याचं उत्तर बाईने द्यायचं. तिच्याकडे करूनच सांगायची सोय होती. उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर आली.

हे असं चार दिवस चाललंय डोक्यात. नवरा परवाच्या गाडीने सैनशांदला गेला, रिफायनरीच्या कामावर सुट्ट्या थोड्याच असतात. जाताना विचारलं, ‘गप्प का आहेस?’ थंडी, म्हटलं. थंडी तर आहेच. खिडकीतून समोरची टेकडी दिसत नाही एवढा धूर आहे.

आज दुपारी एग्च आली होती. उरलेले बूझ घेऊन आली, बाहेर गोठवून ठेवलेले, पिशवीत खडखडत होते. मी वाफवायला ठेवले. त्या विषयावर ती आपणहून काही बोलेल असं वाटलं नव्हतं, आणि बोललीही नाही. ती बोर्तेबद्दल, चंगीझखानाच्या बायकोबद्दल, बोलली.

टीव्हीवर चंगीझखानाचा काहीतरी कार्यक्रम लागला होता. इथे तो नेहमीच कुठे ना कुठे असतो, पाचशेच्या नोटेपासून वीस हजारांच्या नोटेपर्यंत त्याचंच तोंड. एग्च म्हणाली, तुला घोड्यांचं माहीत आहे का? मला त्याच्या आईचं माहीत होतं. होएलुनला पळवून नेत होते तेव्हा तिने अंगातलं वस्त्र काढून नवऱ्याकडे फेकलं, माझा वास जवळ ठेव, जीव वाचव, प्रत्येक गाडीत पोरी असतात, म्हणाली. ते वाचून मी एकदा रडले होते. पण घोड्यांचं माहीत नव्हतं.

तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझखान, तेव्हा तरुण होता, नुकतं लग्न झालेलं. पहाटे मेर्किट टोळीची धाड आली. घरात घोडे नऊ. एक तेमुजिनला, एक आईला, चार भावांना चार, दोन साथीदारांना दोन. आठ झाले. लहान बहीण आईच्या कुशीत. नववा घोडा राखीव म्हणून बरोबर घेतला. बोर्तेला घोडा नव्हता.

एग्चने हे बोटं मोडून सांगितलं, एकेक नाव घेत. नवव्या बोटाशी थांबली.

मी म्हटलं, म्हणजे घोडा होता ना.

ती म्हणाली, ‘तेच तर.’

मागे राहिलेल्या बोर्तेला घरातल्या म्हाताऱ्या दासीने बैलगाडीत लपवून नेलं, वाटेत गाडीचा आस मोडला आणि मेर्किटांनी तिला धरलं. इकडे तेमुजिन बुरखान खालदुन डोंगरावर सुखरूप. धाड परत गेल्यावर तो खाली आला, पट्टा गळ्यात घातला, छातीवर हात मारून सूर्याकडे तोंड करून नऊ वेळा गुडघे टेकले, आणि डोंगराचे आभार मानले की माझा उवेएवढा जीव वाचवलास. हे सगळं त्यांच्याच ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात लिहिलेलं आहे, तेराव्या शतकात, त्यांच्याच माणसांनी. लपवलं नाही. मग तो तोघ्रुल आणि जामुखा या मित्रसरदारांना घेऊन गेला, रात्री हल्ला केला, पळणाऱ्या लोकांतून ‘बोर्ते, बोर्ते’ हाका मारत फिरला. तिने आवाज ओळखला, गाडीतून उडी मारली, धावत येऊन त्याच्या घोड्याचा लगाम धरला. चांदणं होतं, दोघांनी एकमेकांना ओळखलं.

‘शाळेत बाई चांदण्याचं सांगायच्या,’ एग्च म्हणाली. ‘घोड्यांचं एमेने सांगितलं. लग्न होऊन मी तिच्या घरी आले त्या वर्षी.’

एमे त्याची आई आहे. हे मी नुसतं लिहून ठेवते. त्या सकाळी खादगाची घडी घालणारी एमे.

मग आम्ही खाल्लं. खाता खाता मी विचारलंच. त्या दिवशी तू ते ठरवून केलंस का? ती बराच वेळ रस्सा चोखत राहिली. म्हणाली, ठरवलं नव्हतं. पोरगा ओरडला ना, ‘तुम्ही नाही’, तेव्हा वाटलं की आता मी हात खालीच ठेवले तर याला वाटेल की आम्हीही तुमच्यासारखेच नवरा-बायको. त्याला खोटं कशाला दाखवायचं? एवढंच म्हणाली. मला वाटत होतं की तिने नवऱ्याला सांगितलं. तिने पोराला सांगितलं होतं.

आणि दुसरं मला थोरलीकडून कळलं होतं, ते मी एग्चला बोलले नाही. तो परत निघाला त्या पहाटे, टॅक्सी हाशाच्या दारातून वळली तेव्हा एग्च नऊ खळग्यांचा लाकडी चमचा घेऊन बाहेर आली आणि त्याच्या वाटेवर दूध शिंपडलं. लांब जाणाऱ्या माणसाच्या मागे शिंपडतात तसं. हे काय म्हणायचं? थोरली चिडली होती. त्याला कशाला दूध, म्हणत होती. मीही चिडले असते, त्या सकाळी. मला तो नमस्कार इतका स्वच्छ वाटला होता, तुकडा पडला, संपलं. आणि त्यानंतर हे. ज्याच्याशी संपलं त्याचा प्रवास नीट व्हावा म्हणून ती उण्या पंचवीसमध्ये उभी राहिली.

म्हणजे तिचंही संपलेलं नाही, असं मी आधी समजले, आणि मला थोडं बरं वाटलं, ते लिहूनच टाकते. पण तसं नाही. तिचं खरंच संपलं आहे आणि दूधही खरंच आहे. पंधरा-सोळा वर्षं ज्या माणसाबरोबर घालवली तो बर्फातून पहाटे विमानतळाकडे जातोय, खुशीगच्या खोऱ्यापर्यंतचा रस्ता निसरडा, त्याला काही होऊ नये, इतकं तर वाटणारच. रीतीने दोन्हीला जागा दिली. तिने दोन्ही केलं.

मग माझ्या पाडव्याकडे मला पुन्हा बघावं लागलं. रीतीत जागा नव्हती म्हणून मी ओवाळलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलेय, आणि त्यात माझी मलाच खूप दया येत होती. ते पूर्ण खरं नाही. ताट हातात घेतलं तेव्हा मला त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं होतं. एवढं सगळं कळूनही लावायचं होतं. तो माझा होता म्हणून, आणि मला राहायचं होतं म्हणून. हात शांत होते ते त्यामुळे. एग्चला जायचं होतं आणि तिने ते हातांनी सांगितलं. मला राहायचं होतं आणि मीही हातांनीच सांगितलं. फरक इतकाच की तिचं सगळ्यांना कळलं आणि माझं त्यालाही कळलं नाही. त्याला वाटलं, मला काही माहीतच नाही.

बोर्तेने लगाम धरला तेव्हा तिला नववा घोडा आठवत नसेल, हे मला पटत नाही. आठवत असणार. तरी धरला. आणि ती काही तिथून पुढे मुकी राहिली नाही. दीड वर्ष तेमुजिन आणि जामुखा एकत्र तळ देऊन राहिले, दोघं जिवाचे आंदा (शपथेचे भाऊ), एका पांघरुणाखाली झोपणारे. जामुखा मित्रांना लवकर कंटाळतो, आता आपण वेगळं व्हावं, रातोरात निघावं, हे आधी कोण म्हणालं? बोर्ते. सासूच्याही आधी. कोण कधी सोडेल याचा अंदाज त्या तळावर तिच्याइतका कुणाला असणार होता?

एग्च निघताना म्हणाली, मंगळवारी कोर्टात अर्ज द्यायचाय, पोरं लहान आहेत म्हणून कोर्टातूनच होतं, तू येशील का बरोबर? एमेही येणार आहे. मी येते म्हटलं.

नवऱ्याचा आत्ता फोन येईल, साइटवरचं जेवण आटोपलं की करतो. मंगळवारी कुठे जाणार आहे ते त्याला सांगणार आहे. तो विचारेल, तू कशाला? तेव्हा त्याला आधी घोड्यांचं सांगेन, आणि मग धनत्रयोदशीचं.