तुम्ही विचारलंत म्हणून: गँट्स हिललाच का?

माहेरचे, सासरचे, फॅमिली ग्रुपवरचे, सगळे एकच विचारतात: लंडनला आलेल्या पाहुण्यांना तू त्या गँट्स हिलच्या भुयारी रेल्वे स्टेशनात कशाला नेतेस? आजवर "घराजवळ आहे म्हणून" एवढं सांगून मी सुटत आले. आता सांगतेच.

वर बघण्यासारखं काही नाही, ही तक्रार मान्य. स्टेशनाला इमारतच नाही. ईस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवरचा मोठा गोल चौक, भोवती गाड्यांचा गोंगाट, आणि पादचारी भुयारातून आत शिरायचं. तिकीट हॉलही चौकाच्या पोटात. सरकत्या जिन्याने खाली उतरलं की मात्र दोन फलाटांच्या मध्ये उंच कमानदार छताचं लांबलचक दालन. घड्याळात आकड्यांच्या जागी ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, ती वर्तुळाची खूण. वास्तुरचनाकार चार्ल्स होल्डनचं काम. १९३०च्या दशकात मॉस्कोची मेट्रो बांधताना लंडनवाल्यांचा सल्ला घेतला होता; तिथल्या दालनांची छाया इथे पडली. तिथलं संगमरवर, झुंबरं, पुतळे यातलं इथे काही नाही. श्रीमंताघरच्या लग्नाला सुती साडी नेसून गेलेल्या बाईसारखं ते स्टेशन आहे, आणि मला ती बाई आवडते.

महायुद्धात इथल्या तयार बोगद्यांत प्लेसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा कारखाना होता. माल हलवायला आत छोटी रेल्वेसुद्धा होती. प्रवासी गाडी सुरू झाली ती १४ डिसेंबर १९४७ला. हे सगळं मी पाहुण्यांना सांगते. ते मान डोलावतात आणि फोन बघतात.

दादाने मान डोलावली नाही.

निफाडला त्याची द्राक्षबाग आहे. त्याच्या हातात एकच मोकळा दिवस होता आणि मी त्याला तिथे नेलं. दालनाच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला, "स्वच्छ आहे." बस. मग मी हुकमाचा एक्का काढला. दहा-पंधरा मिनिटांवर व्हॅलेंटाइन्स पार्क आहे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात जी प्रसिद्ध द्राक्षवेल आहे ना, ती १७६८मध्ये इथल्याच काळ्या हॅम्बर्ग जातीच्या द्राक्षवेलीची काडी नेऊन लावलेली. द्राक्षवाल्याला यापेक्षा काय दाखवायचं? क्रॅनब्रुक रोडने त्याला चालवत नेलं, वाटेत कौतुकाने सगळं सांगितलं. पार्कात पोचल्यावर त्याने विचारलं, "वेल कुठंय?"

मूळ वेल आता नाही, म्हटलं.

तो हसला. वहिनी हसली, भाचा हसला. मग दादा शांतपणे म्हणाला, "राजवाड्यातली जिवंत आहे, आणि तू मला मेलेली बघायला आणलंस. इतकी वर्षं इथे राहतेस, दाखवायला तुझं असं एवढंच आहे का गं?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो असाच बोलतो, बाजार समितीतही असाच बोलतो. पण मला तिथल्या तिथे रडू फुटलं, आणि "डोळ्यात काहीतरी गेलं" हे वहिनीलाही पटलं नाही. मी खूप वेळ स्वतःला समजावलं की त्याला वास्तुकलेतलं काय कळतं. हा माझा कोतेपणाच. बाग उभी करणाऱ्या माणसाला खांब आणि उजेड माझ्यापेक्षा जास्त कळतात.

खरं सांगायचं तर टॉवर ब्रिजजवळ मीही पाहुणीच असते. तिथलं मला जे माहीत, ते त्यांनाही गुगलवर मिळतं. शहराच्या मध्यापासून लांब, भाड्याच्या झोन चारमधलं हे स्टेशन माझ्या पायांना माहीत आहे. ऑफिसातून थकून परतताना ते उंच छत रोज मिळतं, भाड्याच्या पैशांतच. मी स्टेशन दाखवते की "बघा, मी बरी आहे" असं सांगते? त्या वेळी कुणी विचारलं असतं तर ठासून म्हटलं असतं, स्टेशनच. आज तेवढं ठासून नाही म्हणणार. पण होल्डनचं दालन माझ्या रडण्यामुळे कमी देखणं होत नाही, हेही लक्षात घ्या.

दिवाळीनंतर मावशी येतेय. तिचे गुडघे दुखतात आणि गँट्स हिलला लिफ्ट नाही. हॅम्प्टन कोर्टची तिकिटं बघून ठेवली आहेत. काढली मात्र नाहीत अजून.