वॉकी तापतोय? आधी कुठे तापतो ते बघा

गाडीत चार्जिंगला लावलेला वॉकी-टॉकी (पुढे नुसता सेट) तापला की पहिला संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, आठवड्यात तीही तशीच तापते, मग सेटच बदलायची भाषा सुरू होते. त्याआधी दहा मिनिटं काढा. लायटर सॉकेटमधला प्लग, वायरीतला ॲडाप्टर, चार्जिंग स्टँड, बॅटरी आणि सेटची पाठ, या पाच जागांपैकी आधी कुठली तापते ते बोटाने बघा. सगळं थंड असताना सुरुवात करा. अर्ध्या तासाने सगळंच तापलेलं असतं आणि मग चोर सापडत नाही.

प्लगचं टोक तापत असेल तर काम सोपं आहे. लूज कॉन्टॅक्ट. टोकाची टोपी फिरवून काढली की आत काचेचा फ्यूज आणि स्प्रिंग दिसते. स्प्रिंग काळी पडली असेल किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं होऊन वितळायला लागलं असेल, तर त्या जागी रेझिस्टन्स वाढलाय. अर्धा ओहम ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यातून दीड अँपिअर गेला की त्या टिचभर जागेत एक वॉटहून जास्त उष्णता तयार होते. तापली की स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते. प्लग बदला, सॉकेटमधला कार्बन गाडीचा फ्यूज काढून मगच खरवडा. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळू नका. हा उद्योग अजूनही बऱ्याच गाड्यांत दिसतो.

ॲडाप्टर तापत असेल तर जरा हिशेब मांडावा लागतो, आणि बहुतेक भानगडी इथेच असतात. यातलाच एक प्रकार म्हणजे सेट थेट गाडीवर चालवायला बॅटरीच्या जागी सरकवायचा एलिमिनेटर, त्याच्या स्वस्त मालात व्होल्टेज उतरवायला साधा लिनियर रेग्युलेटर असतो. तो जादा व्होल्टेज चक्क उष्णतेत जाळतो. इंजिन चालू असताना गाडी १४ व्होल्टच्या आसपास देते, सेटला हवेत साधारण ८. बटण दाबून ५ वॉटवर बोलताना सेट दीड अँपिअरच्या घरात ओढतो. म्हणजे ६ गुणिले १.५, एकूण ९ वॉट, तेही काडेपेटीएवढ्या बंद प्लास्टिकमध्ये. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या तिसऱ्या हिश्शाहून ही जास्त आग झाली. नुसतं ऐकताना करंट खूप कमी असतो, त्यामुळे तोच एलिमिनेटर कोमट राहतो आणि दुकानात तपासताना अगदी ठणठणीत दिसतो.

याची खूणही ठरलेली आहे. बोलता बोलता सेट बंद पडतो आणि मिनिटभराने आपोआप चालू होतो. रेग्युलेटर आतून तापून स्वतःला बंद करतो, थंड झाला की परत उठतो. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या बंदोबस्तात दिवसभर चाललेला एलिमिनेटर मे महिन्यात होटगी रोडवर अर्ध्या तासात मान टाकतो तो यामुळेच. उष्णता बाहेर पडायला बाहेरची हवा थंड लागते. बाहेर पारा ४२ वर आणि उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड साठीच्या पुढे असताना ती जाणार कुठे?

चार्जिंग स्टँडचा प्रकार थोडा वेगळा. स्टँडच्या खाली किंवा मागे इनपुट व्होल्टेज छापलेलं असतं, ते आधी वाचा. बऱ्याच छोट्या सेटांच्या स्टँडला १० व्होल्ट लागतात आणि बाजारातली गाडीची वायर मात्र सरळसोट असते, आत काही सर्किट नाही. गाडीचे १४.२ व्होल्ट जसेच्या तसे स्टँडमध्ये. ७.६ व्होल्टवरची बॅटरी ४०० मिलिअँपिअरने चार्ज होताना, आत लिनियर सर्किट असेल तर १० व्होल्टवर स्टँडमध्ये एक वॉटच्या आत जळतो, १४.२ वर २.६ वॉट. पावणेतीन पट. स्टँडचा तळ तापतो आणि ती धग बॅटरीला खालून शेकते.

एलिमिनेटर आणि स्टँड, दोन्हीवर इलाज एकच, बक कन्व्हर्टर, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत न जाळता उतरवणारं सर्किट. एलएम २५९६ या चिपचं तयार मॉड्यूल यासाठी पुरतं. त्यावर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा तुकडा) नसेल तर २ च्या वर जाऊ नका. इनपुटला २ अँपिअरचा फ्यूज घाला. सेट न जोडता मल्टिमीटर आउटपुटला लावा आणि निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू फिरवून स्टँडसाठी बरोबर १०.० व्होल्ट आणा. सुरुवातीचे कितीतरी फेरे आकडा हलतच नाही, मग एकदम पळतो, तेव्हा हात सावकाश ठेवा. व्होल्टेज जुळलं की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडा, नाहीतर गाडीच्या हादऱ्याने स्क्रू सरकतो. बक कन्व्हर्टरमुळे सेटवर खरखर वाढली तर वायरीला क्लिपचा फेराइट (खरखर अडवणारं काळं कडं) लावून त्यातून दोन-तीन वेढे काढा.

आता बॅटरी. लिथियम-आयन पॅक चार्ज करायची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश. मे महिन्यात सात रस्ता चौकात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चार्जिंग सुरू व्हायच्या आधीच ही मर्यादा ओलांडलेली असते. एसी लावा, पंधरा मिनिटं थांबा, मग चार्जिंग. ऊन लागू नये म्हणून सेटवर टॉवेल टाकायची सवय आहे. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! पण चार्जिंगच्या वेळी तो टॉवेल गोधडीचं काम करतो. सेट सीटखाली सावलीत ठेवा, उघडा.

७.४ व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ च्या वर जाता कामा नये. मीटरवर ८.६ दिसले तर चार्जर बाद. बॅटरी फुगून खाचेत घट्ट बसायला लागली असेल तर ती लगेच काढा, टोचू नका, परत चार्जही करू नका. जुन्या सेटांतले निकेल-मेटल हायड्राइड पॅक चार्ज संपताना थोडे तापणारच, त्याची धास्ती नको.

सेटची पाठ तापत असेल, तीही बोलतानाच, तर काही अंशी ते साहजिक आहे. ५ वॉट हवेत सोडण्यासाठी सेट ११ वॉट ओढतो, उरलेले ६ त्याच्याच अंगात मुरतात. हे सेट शंभरात पाच भाग बोलणं, पाच भाग ऐकणं आणि नव्वद भाग गप्प राहणं या हिशेबाने बनवलेले असतात. सलग दोन-दोन मिनिटं बटण दाबून सूचना देत बसलं तर कुठलाही सेट तापेल. समोरचा सेट चार गाड्या पुढे असेल तर लो पॉवरवर बोला. अँटेना मोडलेली किंवा दुसऱ्या बँडची असेल तर पॉवर परत फिरते. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३ असेल तर पाव भाग, म्हणजे ५ वॉटमधले सव्वा वॉट. पत्र्याच्या केबिनमधून बोलण्यापेक्षा टपावर मॅग्नेटची अँटेना लावलेली कधीही बरी. आणि स्टँडमध्ये ठेवलेल्या सेटवरून बोलू नका. व्होल्टेज खालीवर होतं आणि चार्ज कधी थांबवायचा हे चार्जरला कळत नाही.

उसाच्या ट्रकांत मात्र हे सगळं करण्याआधी सॉकेटमध्ये मीटर लावा, मधला खिळा प्लस, कडा मायनस. मोठ्या ट्रकात बहुतेक २४ व्होल्ट असतात, इंजिन चालू असताना २८ पर्यंत जातात, आणि सॉकेट कारसारखंच दिसतं. फक्त १२ व्होल्टसाठीची वायर तिथे पहिल्या मिनिटातच वास सोडते. ट्रॅक्टर बहुतेक १२ चे असतात. २४ वर २५९६ चालतो, पण त्याची मर्यादा ४० व्होल्ट आहे आणि जुन्या अल्टरनेटरचे झटके तिच्या वर जातात. तिथे ६० व्होल्ट सोसणारा कन्व्हर्टरच घ्या.