मांघरला मधपेटीसमोर बसलो ते उठवेचना

एप्रिलच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाऊन पहिला अख्खा दिवस वेण्णा लेकच्या ट्रॅफिकमध्ये घालवला, त्याबद्दल लिहायची इच्छाच नाही. दुसऱ्या दिवशी गर्दीला कंटाळून मांघर गाठलं. 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालेलं हे छोटंसं गाव, शांत, आणि माणसं अशी की ओळख ना पाळख तरी आधी पाणी हातात देतात मग विचारतात कुठून आलात.

ज्या काकांकडे थांबलो त्यांच्या घरामागे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. जांभूळ फुललेला, त्यामुळे माश्यांची नुसती ये-जा चालू. मी फोटो काढायला पेटीच्या तोंडासमोरच उभी राहिले तर काका म्हणाले, "ताई बाजूला व्हा, त्यांची वाट अडलीय." मागे वळून पाहिलं तर परतलेल्या माश्या माझ्या पाठीशी हवेतच घुटमळत होत्या. खरंच वाईट वाटलं. तुम्ही गेलात तर पेटीच्या बाजूला बसा.

काकांनी थोडा धूर दिला, झाकण काढलं आणि एक चौकट उचलून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर धरली. त्याच वेळी एका घराचं मेणाचं झाकण कुरतडून एक माशी बाहेर येत होती, फिक्कट रंगाची, अंगावर लव, धड उभंही राहता येत नव्हतं तिला. काका म्हणाले ही आता आधी घरं साफ करायला लागेल, तिथे राणी पुन्हा अंडं घालणार.

"पहिल्याच दिवशी काम? तिला सांगतं कोण?" मुलगी.

"कोणी नाही गं बाळा. राणी काय हुकूम सोडत नाही, ती फक्त अंडी घालते."

माझ्या डोक्यात तर शाळेपासून राणी म्हणजे मालकीण असंच बसलेलं! मग काका सांगत गेले आणि आम्ही तिथेच मातीत बसून ऐकत राहिलो. साफसफाईचे दिवस संपले की ती दाई होते, डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा रस येतो तो अळ्यांना भरवते, मग तो रस आटत जातो आणि पोटाखालून मेण सुटायला लागतं तेव्हा पोळं बांधायचं, बाहेरून आलेल्या बहिणीकडून मकरंद तोंडातोंडी घ्यायचा, काही जणी मेलेल्या माश्या ओढून लांब टाकतात, काही दारावर पहारा देतात. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर कुठे रानात जायचं. आणि हे वेळापत्रक पक्कं नसतं हे मला फार आवडलं. रानात जाणाऱ्या कमी पडल्या तर तरण्या लवकर बाहेर पडतात, दाया कमी पडल्या तर मोठ्यासुद्धा पुन्हा अळ्या भरवायला लागतात.

दारात चारपाच जणी डोकं बाहेर करून एकाच जागी पंख हलवत होत्या, बाहेरची हवा आत ढकलायला. अळ्यांना साधारण 34-35 अंश ऊब लागते, ऊन चढलं की हे काम सुरू. त्यांच्यामधूनच एक माशी चालत आत गेली, काळपट, अंगावरची लव झडलेली, एका पंखाची कड पार फाटलेली, पण मागच्या दोन्ही पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या. सगळ्यात धोक्याचं काम, ऊन, पक्षी, कोळी, ते सगळं म्हाताऱ्यांकडे. घरात जिची अजून गरज आहे तिला आधी बाहेर पाठवायचं नाही. धावपळीच्या दिवसांत कामकरीण जेमतेम दीड महिना जगते. माझा घसा दाटून आला, का ते नीट सांगता येणार नाही, आजी आठवली एवढं खरं.

काकूंनी जेवायला बोलावलं तरी मुलगी उठेना. तिला ती फाटक्या पंखाची परत बघायची होती. बऱ्याच वेळाने ती दारात आली, पाय मोकळे, क्षणभर थांबली आणि जांभळाच्या दिशेने उडाली.